सात महिने झाले, प्रकाशक हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही

या वेळचं पत्र आपल्या बडोद्याच्या कारेलीबागेतून आलंय. लांब होतं, थोडं छाटून देते.

"ताई, मी मकरपुरा जीआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघते. पोरं झोपल्यावर लिहून लिहून एक कादंबरी पूर्ण केली. दांडिया बाजारातला एक वाडा, त्यातल्या चार जावा, आणि शेवटी वाडा बिल्डरला जातो. गेल्या जूनच्या शेवटी पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशकांना मेल केली. दुसऱ्या दिवशी 'मिळाले, वाचून कळवतो' असं उत्तर आलं, त्यानंतर आजपर्यंत काहीच नाही. ऑगस्टमध्ये मला पहिल्याच प्रकरणात चुका दिसल्या म्हणून सुधारलेली फाइल परत पाठवली, त्यावरही काही नाही. दिवाळीनंतर फोन केला तर 'सर बाहेर आहेत' म्हणाले, परत करायची हिंमत झाली नाही. उतराणीला, म्हणजे संक्रांतीला, सगळे गच्चीवर, मी फिरकी धरून उभी, मोबाइल वाजला म्हणून फिरकी सोडून बघायला गेले तर वीज कंपनीचा बिलाचा मेसेज, आणि तिकडे नवऱ्याचा पतंग कटला, तो दिवसभर बोलला नाही. सासूबाईंनी भिशीत सगळ्यांना सांगून ठेवलंय की सुनेचं पुस्तक येतंय, त्यामुळे हळदीकुंकवाला जायची पण भीती. मधे एका ठिकाणी ऑनलाइन फॉर्म भरला होता तर तिसऱ्या दिवशी फोन, तुमची कादंबरी सिलेक्ट झालीय, पंचेचाळीस हजार भरा. पुण्यात माझी कादंबरी कोणी चोरली तर नसेल? की आपली ही गुजराती मिसळलेली मराठी वाचून हसले असतील? दुसरीकडे पाठवू का? रात्री दोनदोनदा उठून मेल बघते. — अस्वस्थ"

अगं अस्वस्थ,

नवऱ्याचा पतंग कटल्याचं मला खरंच वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी, वासी उतराणीला भरून काढला असेल अशी आशा.

आता तुझ्या बाडाचं, म्हणजे हस्तलिखिताचं बघू. मी बरीच वर्षं घरी बसून प्रकाशकांसाठी बाडं वाचते, म्हणजे तू ज्या बंद दाराकडे बघत बसलीयस ना त्याच्या आतल्या बाजूला माझी खुर्ची असते, आणि आत काय चाललेलं असतं ते तुला एकदा नीट सांगितलं तर तुझी निम्मी झोप तरी परत येईल. तुला वाटतंय की तिकडे कोणीतरी तुझी कादंबरी वाचली, नाक मुरडलं, आणि आता तुला सांगायचं कसं म्हणून गप्प बसलंय. तसं काही नसतं गं. बहुतेक वेळा कोणी अजून वाचलेलीच नसते.

मराठीतला मोठा प्रकाशक म्हटला तरी संपादकीय खात्यात माणसं किती, तर दोन, फार तर चार. त्यातलाच एक जण मुखपृष्ठवाल्याच्या मागे लागलेला असतो, एक प्रूफं घेऊन बसलेला. तुझी मेल आली की संपादक 'मिळाले' लिहितो आणि फाइल एका फोल्डरमध्ये टाकतो, त्या फोल्डरमध्ये तुझ्या आधीची कितीतरी बाडं पडलेली असतात, त्यात निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं सगळ्यात जास्त (हे माझं वैयक्तिक दुःख आहे, सोडून दे). मग कधीतरी सवड झाली की तो पहिली वीस-पंचवीस पानं चाळतो. बरी वाटली तर फाइल माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाकडे जाते. हा वाचक म्हणजे कुठलातरी प्राध्यापक, कोणी समीक्षक, कोणी जुना लेखक, मानधन नावापुरतं, आणि त्याच्या घरी पेपर तपासायचे गठ्ठे, मुलीचं लग्न, मोतीबिंदू, सगळं असतंच. तो दीड-दोन पानांचा अभिप्राय लिहितो. तो चांगला आला की मग संपादक आणि मालक हिशेबाला बसतात, आणि हा हिशेब तुला अकाउंट्सवालीला लगेच कळेल, कारण तिथे जावा आणि वाडा कोणी काढत नाही, तिथे फर्मे मोजतात. सोळा पानांचा एक फर्मा. तुझी कादंबरी सत्तर हजार शब्दांची आहे म्हणतेस, म्हणजे डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकारात साधारण दोनशे सत्तर पानं, म्हणजे सतरा फर्मे. सतरा फर्म्यांचा कागद, छपाई, बांधणी, वर दुकानदाराचं कमिशन, आणि समोर नाव असं की जे अजून कोणी ऐकलेलं नाही. पूर्वी पहिली आवृत्ती हजाराची काढायची पद्धत होती, आता नवीन नावाला पाचशे काढतानाही मालक पेन खाली ठेवून विचार करतो. एवढं सगळं होऊन मग हो किंवा नाही. सुरळीत चाललं तरी यात तीन ते सहा महिने आरामात जातात.

आणि तू पाठवलीस कधी, तर जूनच्या शेवटी! त्याच्याइतका वाईट मुहूर्त शोधून सापडायचा नाही. जुलै ते ऑक्टोबर मराठीतलं सगळं लिहिणारं-वाचणारं जग दिवाळी अंकांत बुडालेलं असतं. काही प्रकाशक स्वतःच अंक काढतात, काढत नसतील तर त्यांचे संपादक दुसऱ्याच्या अंकात लिहीत असतात, आणि बाहेरचे वाचक तर सगळ्यांनाच 'परवा देतो' सांगत फिरत असतात. ही आपली जुनी खोड आहे, 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९चा, आणि गंमत बघ, त्याच साली आपल्या बडोद्यात साहित्य संमेलन भरलं होतं. दिवाळी संपली की लगेच संमेलनाची आणि ग्रंथप्रदर्शनांची घाई, डिसेंबर-जानेवारीत प्रेसवाल्यांना जेवायला फुरसत नसते. तुला आठवत असेल, २०१८च्या फेब्रुवारीत ९१वं संमेलन इथे झालं तेव्हा स्टॉलवर केवढी नवीकोरी पुस्तकं होती, शाईचा वास येत होता काहींना. ती सगळी आधीच्या दोन-तीन महिन्यांत कोणीतरी रात्री जागून संपवलेली असतात, आणि त्या दिवसांत नव्या बाडाची फाइल कोण उघडणार.

म्हणून या सात महिन्यांच्या गप्प बसण्याचा तू जो अर्थ काढतेयस तो काढू नकोस. त्यात तुझ्या लिखाणाबद्दलचं मत नाहीये, ना चांगलं ना वाईट. आता असं समजू नको की मी प्रकाशकांची बाजू घेतेय. पूर्वी निदान 'साभार परत'चं कार्ड यायचं, बाड पोस्टाने घरी यायचं, रडायला एक दिवस मिळायचा आणि विषय संपायचा. आता मेलच्या जमान्यात दोन ओळी टाइप करायला काय जातं गं यांचं? काही ठिकाणी नकार द्यायचा म्हणजे उत्तरच द्यायचं नाही अशी पद्धत पडत चाललीय आणि ती अत्यंत वाईट आहे, तीन वर्षं रात्री जागून लिहिलेल्या माणसाला 'नाही' एवढं तरी ऐकायचा हक्क आहे. पण ते सुधारतील तेव्हा सुधारतील, तोपर्यंत तू काय करायचं ते तुझ्या हातात आहे.

सगळ्यात आधी ऑगस्टमधली ती दुसरी फाइल. ते तू नको करायला हवं होतंस, म्हणजे मी रागावत नाहीये, जवळजवळ सगळे नवे लेखक हे करतात. पण होतं काय की संपादकाकडे एक फाइल, बाहेरच्या वाचकाकडे दुसरी, एकाचं नाव 'फायनल' आणि दुसरीचं 'फायनल सुधारित', मग अभिप्रायात लिहिलेली पान नंबरं जुळत नाहीत आणि शेवटी वैतागून दोन्ही बाजूला ठेवतात. सुरसागर तळ्याचं 'सूरसागर' झालं होतं म्हणून तू अख्खी फाइल परत पाठवलीस, अगं तेवढं प्रूफात निघतं, त्यासाठी मुद्रितशोधक असतो. चांगला संपादक पहिल्या पानावरच्या ऱ्हस्व-दीर्घावरून कादंबरी नाकारत नाही. आता तिसरी पाठवू नकोस, काहीही सापडलं तरी. सापडेलच, आपली छापील पुस्तकंसुद्धा उघडली की पहिल्यांदा चूकच दिसते. वहीत लिहून ठेव, स्वीकारली की एकदम दे.

अजून एक साधी शक्यता बघून घे, जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तू मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलंयस. बऱ्याच ऑफिसांत डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवायचं काम, अजून श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये चालतं, आणि फॉन्ट बदलताना रफार आणि जोडाक्षरं कुठेच्या कुठे जातात. तुझी वर्डची फाइल ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर उघडून बघ, 'सर्व'चं 'सव' तर होत नाहीये ना. कायम वर्ड आणि पीडीएफ दोन्ही जोडून पाठवायचं, पीडीएफमध्ये अक्षरं जागची हलत नाहीत.

मग मेल. फेब्रुवारी लागलाय, संमेलनाची धावपळ ओसरलीय, मार्चएंडचा हिशेब अजून सुरू झालेला नाही, हीच वेळ आहे. नवीन मेल सुरू करू नकोस, जूनच्या त्याच मेलवर रिप्लाय कर म्हणजे त्यांची पोचही खाली दिसेल. काय लिहायचं म्हणून तू चार दिवस घालवशील हे मला माहितीये, म्हणून इथेच लिहून देते:

"सप्रेम नमस्कार. माझ्या कादंबरीचे हस्तलिखित मी गेल्या जूनअखेरीस आपल्याकडे पाठवले होते, आपली पोच खाली आहे. ऑगस्टमध्ये पाठवलेल्या फाइलीत फक्त शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आहेत, मजकूर तोच आहे, तरी तीच फाइल ग्राह्य धरावी, सोयीसाठी पुन्हा जोडत आहे. वाचन कोणत्या टप्प्यावर आहे ते कळवल्यास आभारी राहीन. ३१ मार्चपर्यंत आपला निर्णय कळू शकला नाही, तर हस्तलिखित अन्यत्र पाठवण्याची मोकळीक मी घेईन. कळावे."

बस. यात 'आपल्या अमूल्य वेळातून' नको, 'मी एक सामान्य गृहिणी' नको, (तू गृहिणी नाहीयेस पण, पाच आकडी पगार घेणारी बाई आहेस, नवे लेखक नम्रपणाच्या भरात काय वाट्टेल ते लिहितात), आणि 'माझ्या मैत्रिणींना फार आवडली' हे तर अजिबात नको. हे कामाचं पत्र आहे. तू तुझ्या कंपनीत एखाद्या पार्टीला थकलेल्या पेमेंटचा रिमाइंडर पाठवतेस तेव्हा हात थरथरतात का? नाही ना, मग त्याच हाताने हे पाठव.

मेलनंतर आठ-दहा दिवसांनी एक फोन. अकरा-साडेअकराला करायचा, दुपारी जेवणानंतर नाही. 'सर आहेत का' विचारलंस की 'सर बाहेर आहेत' हेच उत्तर येणार, सर कायम बाहेरच असतात. 'संपादकीय विभागाला द्या' म्हण, आणि जो उचलेल त्याला एवढंच विचार की माझी मेल मिळाली का आणि बाड वाचनाला गेलंय का. कशी वाटली हे विचारायचं नाही. फोनवर कशी वाटली विचारलं की माणूस 'चांगली आहे' म्हणतो आणि तू त्या दोन शब्दांवर पुढचे सहा महिने काढशील.

आता ती ३१ मार्चची तारीख. ती मी त्यांच्यासाठी नाही टाकलेली, तुझ्यासाठी टाकलीय. सध्या तुझं वाट बघणं त्यांच्या मर्जीवर चाललंय, त्याला शेवटच नाही, म्हणून तू रात्री उठतेस. एकदा तारीख ठरली की एक एप्रिलला काय करायचं ते तुला आत्ताच माहीत असतं, आणि मधल्या दिवसांत मेल बघून काही बदलणार नसतं. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवायचं, पहिल्याची परवानगी मागायची नाही, मनाला लावून पण घ्यायचं नाही.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाठवलेलं चालतं का, असं तू विचारलंयस. मराठीत रीत अशी की एका वेळी एकच, आणि काही प्रकाशकांना दुसरीकडेही दिलंय कळलं की राग येतो. मला स्वतःला ही रीत आता पटत नाही. लवकर उत्तर देणार असाल तर एकालाच देऊ की, पण सात सात महिने बाड अडकवून ठेवायचं आणि वर एकनिष्ठेची अपेक्षा, हे काय झालं? पण लपवून करू नकोस. दोघांना दिलंस तर दोघांच्या पत्रात एक ओळ टाक की अन्यत्रही विचारार्थ दिले आहे. मराठीचं जग एवढंसं आहे, तोच बाहेरचा वाचक दोघांकडचं वाचत असतो, माझ्याकडे एकच बाड दोन प्रकाशकांकडून आलेलं आहे आणि तेव्हा मला दोघांना फोन करावा लागला होता.

पुढचा प्रकाशक निवडायचा कसा, तर गुगलवर 'मराठी पब्लिशर' टाकून नाही. एका शनिवारी मांडवीला सेंट्रल लायब्ररीत जा. मुलांना ने, सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून ती उभी केली, तिथले लोखंडी स्टॅक आणि काचेच्या लाद्या बघून पोरं खूश होतील. तू मात्र मराठीच्या कपाटांपाशी उभी राहा आणि गेल्या दहा-बारा वर्षांतल्या, तुझ्यासारख्या कौटुंबिक, एका गावात घडणाऱ्या, नव्या लेखकांच्या कादंबऱ्या काढून आतलं पान उघड. प्रकाशक कोण, पहिली आवृत्ती कधी, दुसरी निघाली का. अशी पाच-सहा नावं वहीत आली की तुझी यादी तयार. जो वर्षभर फक्त अनुवाद आणि सेल्फ-हेल्प काढतो त्याला तुझ्या चार जावा पाठवून काय होणार, पण लोक पाठवतात, कारण नाव मोठं.

चोरीचं सांगते, हे भूत सगळ्यांच्याच मानगुटीवर असतं. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यात लिहिलं त्या क्षणापासून हक्क तुझा, रजिस्टर केलं नाहीस तरी तुझाच. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीची फी पाचशे रुपये, केल्याने झोप लागत असेल तर कर, पण जूनची मेल आणि त्यांची पोच हा तारखेचा पुरावा तुझ्याकडे आधीच आहे. आणि खरं सांगू का, नव्या लेखकाची कादंबरी चोरून प्रकाशकाला मिळणार काय? जी पाचशे प्रती छापायला तो घाबरतो ती चोरून कशाला छापेल. घाबरायचंच असेल तर हो आल्यावर घाबर, कारण लेखक फसतात ते तेव्हा, आनंदाच्या भरात न वाचता सही करून. करारात मुदत, किती प्रतींची आवृत्ती, रॉयल्टी (नव्या लेखकाला साधारण दहा टक्के असते) आणि ईबुक-ऑडिओचे हक्क हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात, पण आपण लिहून घ्यावी. आणि हक्क घेऊन वर्षभरात पुस्तक काढलंच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर ते हक्क तुझ्याकडे परत येतात, हे फार थोड्या लेखकांना ठाऊक असतं.

आता तो पंचेचाळीस हजारवाला. गंमत बघितलीस का, ज्याने वाचायचं ठरवलंय तो सात महिने लावतो आणि ज्याला तीन दिवसांत सिलेक्ट झाली त्याने सत्तर हजार शब्द वाचले कधी? त्याने वाचली तुझी फॉर्ममधली 'व्यवसाय: नोकरी' ही ओळ. तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, ती म्हणजे त्याचा नंबर तू अजून ठेवलायस, 'बघू' म्हणून. ब्लॉक कर. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं यात काही कमीपणा नाही हां, चांगल्या चांगल्या लोकांनी काढलीयत, पण मग ते उघड्या डोळ्यांनी काढ, प्रिंटरकडून थेट कोटेशन घे, चांगला मुद्रितशोधक पैसे देऊन लाव, आणि प्रती ठेवायला घरात जागा आहे का बघ. त्याच्या पॅकेजमध्ये 'आयएसबीएन रजिस्ट्रेशन' म्हणून जे हजारो रुपये लावलेत ना, तो पुस्तकाचा ओळख नंबर आपल्या देशात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा. एवढ्या एका गोष्टीवरून माणूस ओळखावा. आणि पैशाचाच प्रश्न असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघते तेव्हा नियम नीट वाच, रहिवासाची अट आधी बघ.

मराठीचं. तू पत्रासोबत जी दोन पानं पाठवलीस त्यात धाकटी जाऊ हिंचक्यावर बसून थोरलीला म्हणते, "ताई, तुम्ही ओटल्यावर नका ना बसू, फोई बघतायत." (फोई म्हणजे आत्या.) हे वाचून मला आमच्या शेजारचं घर दिसलं. तुझी मोठी जाऊ पुण्याहून आलेली दाखवलीयस, ती झोपाळा म्हणते आणि बाकीच्या तिघी हिंचका म्हणतात, आणि तिला वेगळं पाडायला तुला बाकी काही लिहावंच लागलं नाही. हे तू मुद्दाम केलंयस की आपोआप झालं ते माहीत नाही, पण पुण्याच्या धाकाने सगळं 'शुद्ध' करायला बसलीस तर कादंबरीतला जीव जाईल. फक्त एक बघ, हे बोलण्यात राहू दे, निवेदनात तू कधी 'ओटला' लिहितेस कधी 'ओटा', तिथे एक काय ते ठरव. ज्या संपादकाला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल त्याच्याकडून पुस्तक आलं नाही तरी चालेल. आणि इथल्या इथे कान मिळवायचे असतील तर मराठी वाङ्मय परिषदेत कोणाला तरी भेट, एक प्रकरण वाचून दाखव. सात महिने तुझं लिखाण मेलबॉक्सखेरीज कोणाला ऐकवलंच नाहीयेस तू, त्रास होणारच.

मधल्या काळात दुसरी कादंबरी सुरू कर असं मी सांगणार नाही, सगळे सांगतात आणि कोणाला जमत नाही. तुझ्या मोठ्या जावेचं ते पोस्टाच्या बचतखात्याचं प्रकरण आहे ना, ते सुटं करून दोन-अडीच हजार शब्दांची कथा कर आणि एप्रिल-मेच्या आसपास दोन-तीन दिवाळी अंकांना पाठव. जुलैनंतर पाठवशील तर परत तीच रांग. कथा छापून आली की पुढच्या प्रकाशकाच्या पत्रात लिहायला एक ओळ मिळते, आणि मघाशी म्हटलेल्या त्या हिशेबाच्या टेबलावर तेवढी ओळसुद्धा उपयोगी पडते.

मोबाइलचं सोप्पं आहे, मेलचं नोटिफिकेशन बंद कर आणि दिवसातून एकदा, ऑफिसात जेवणानंतर बघ. प्रकाशक रात्री दोनला मेल करत नाहीत. रात्री दोनला जागा असतो तो लेखक.

सासूबाईंवर चिडू नकोस. भिशीत सुनेबद्दल चांगलं सांगणारी सासू मिळालीय तुला, माझ्याकडे येणाऱ्या बाकीच्या पत्रांत काय असतं ते तुला कळलं तर साखर वाटशील. त्यांना बसवून सांग की आई, पुस्तक लिहून झालंय, छापायचं अजून ठरायचंय, त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. हो आलं तरी लगेच काही येत नाही, संपादन, प्रूफं, मुखपृष्ठ यात सहा-आठ महिने सहज जातात, म्हणजे पुढच्या संक्रांतीलाही त्या बायका हेच विचारणार आहेत. 'कधी?' विचारलं की 'पुण्याला वाचतायत' म्हणायचं आणि तिळगूळ घ्यायचा. हळदीकुंकवाला जा गं, रथसप्तमीपर्यंतच असतं.

आणि जाता जाता, त्या फाइलीच्या सुरुवातीला तू चार पानांचं मनोगत जोडलंयस, त्यात शाळेतल्या बाईंपासून ऑफिसातल्या प्यूनपर्यंत सगळ्यांचे आभार आहेत. पुण्याला गेलेली फाइल आता तशीच राहू दे, पण पुढच्या प्रकाशकाला पाठवायच्या आधी ते काढून वेगळ्या फाइलीत ठेव. संपादक पहिली वीस पानं वाचतो म्हटलं ना, त्यातली चार तू आभारात घालवतेयस. मनोगत पुस्तक प्रेसला जाताना द्यायचं असतं, तेव्हा दे, आणि त्यात माझं नाव घालू नकोस, नाहीतर माझ्याकडे बाडांचा ढीग लागेल.

तुझी ताई